आधी भिंत, मग ड्रिल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नव्या घरात पुस्तकांसाठी चार फुटी फळी, बाथरूमच्या टाइलवर आरसा, टीव्हीचं ब्रॅकेट आणि पडद्यांचे रॉड ही कामं स्वतः करायची आहेत. उसन्या आणलेल्या इम्पॅक्ट ड्रिलने खिडकीवर रॉड लावायला गेलात, तर भोक अर्ध्यावर अडलं, तोंडाशी फाकलं आणि काही दिवसांत रॉड प्लगसकट, म्हणजे स्क्रू धरायला भोकात बसवतात त्या नळीसकट, खाली आला. म्हणून आता 20 व्होल्टचा कॉर्डलेस संच, ड्रिलला लावायच्या बिटांची शंभरावर नगांची पेटी, जिगसॉ (वर-खाली हलणाऱ्या पात्याची करवत) आणि अँगल ग्राइंडर (फिरत्या चकतीने कापणारं, घासणारं यंत्र) अशी यादी केली आहे. ही यादी बरोबर आहे का, असं विचारताय.

नाही. यंत्रं वाईट नाहीत, क्रम उलटा आहे. रॉड पडला तो ड्रिल जुनं होतं म्हणून नव्हे, समोर काय आहे हे न बघता भोक पाडलं म्हणून. तुमच्या यादीतला कॉर्डलेस संच घेऊन त्याच जागी उभे राहिलात तर भोक पुन्हा तिथेच अडणार आहे. घरं दुरुस्त करण्याचं आणि फर्निचर बसवण्याचं काम मी बरीच वर्षं करतो. लोक माझ्याकडे यंत्राबद्दल विचारायला येतात आणि मी त्यांना भिंतीबद्दल विचारतो. आजही तेच करतो.

एकाच घरात तीन-चार प्रकारच्या भिंती असतात आणि रंग लावला की सगळ्या सारख्याच दिसतात. बोटाच्या पेराने ठोकून बघा. काँक्रीट आणि भरीव वीट मुकी असते, ठोकणाऱ्याचंच बोट दुखतं. जिप्सम बोर्डाचं पार्टिशन ढोलासारखं वाजतं, मध्येच एका उभ्या रेषेत आवाज दबतो, तिथे आतली पट्टी असते. खात्री मात्र भुकटीच करून देते. जे लावायचं आहे त्याच्या मागे झाकलं जाईल अशा जागी 5 मिलिमीटरच्या बिटाने एक चाचणी भोक घ्या आणि बिटाबरोबर काय बाहेर येतं ते बघा. सुरुवातीचे 12 ते 20 मिलिमीटर गिलाव्याचे असतात, त्यावरून निष्कर्ष काढू नका. त्यानंतर लाल भुकटी आली तर भाजलेली वीट. करडी, पिठासारखी बारीक भुकटी आणि बिट पुढे सरकायला तयार नाही, तर काँक्रीट. पांढरट करडी, भरड भुकटी आणि बिट लोण्यात शिरल्यासारखं गेलं, तर एएसी ब्लॉक, म्हणजे आत हवेचे बुडबुडे असलेला हलका सिमेंटचा ब्लॉक. पांढरी भुकटी आली आणि सेंटिमीटरभरातच बिट धप्पकन आत गेलं, तर जिप्सम बोर्ड. गेलं, अडलं, पुन्हा गेलं असं झालं तर पोकळ ब्लॉक किंवा पोकळ वीट.

आता तुमच्या रॉडकडे या. खिडकीच्या वर भिंतीचा भार पेलायला लिंटेल असतं, आणि आजच्या बहुतेक बांधकामात ते सळया घातलेलं काँक्रीट असतं. म्हणजे पडद्याचा रॉड, जो बहुतेकजण हौसेने सगळ्यात आधी लावायला घेतात, तो नेमका घरातल्या सगळ्यात कठीण जागी लावायचा असतो. उसनं आणलेलं इम्पॅक्ट ड्रिल तिथे का अडलं हे समजून घ्या, म्हणजे खरेदीचा अर्धा प्रश्न सुटेल.

इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासत फिरतात. दाता दात्यावरून उतरला की बिटाला ठोका बसतो. ठोके मिनिटाला हजारो असतात, पण अगदी बारीक, आणि त्यांचा जोर तुम्ही मागून किती रेटता यावर ठरतो. विटेला एवढं पुरतं. काँक्रीटमध्ये मात्र बिट जागेवर फिरत राहतं, तापतं, तुम्ही आणखी रेटता, हात थोडा हलतो आणि भोकाचं तोंड फाकतं. रोटरी हॅमरचं काम वेगळं. त्यात मोटर एक दट्ट्या मागेपुढे हलवते, त्याच्यापुढे कोंडलेली हवा दाबली जाते आणि ती हवा घण बिटावर आदळवते. ठोके मिनिटाला चार-पाच हजारच, पण प्रत्येक ठोका खरा. मागून रेटायचं नसतं, यंत्र फक्त सरळ धरायचं. दोन किलोच्या आसपास वजनाच्या लहान रोटरी हॅमरचा ठोका 2 ते 3 ज्यूलचा असतो आणि काँक्रीटमध्ये 8 मिलिमीटरचं भोक तो काही सेकंदांत पाडतो. त्याची बिटं वेगळी येतात: एसडीएस प्लस, 10 मिलिमीटर जाडीच्या दांड्याला खाचा असलेली. ती चकमध्ये, म्हणजे बिट पकडणाऱ्या तोंडात, थोडी मागेपुढे सरकतात, आणि तशीच सरकायला हवीत.

मग सरळ रोटरी हॅमरच घ्यावा का? भिंती बहुतांश काँक्रीटच्या असतील तर हो. रोटरी हॅमर निवडताना ठोका बंद करून नुसतं फिरवायची सोय आहे ना, हे तेवढं बघा. ती सोय आणि चकचा एक जोड मिळाला की साधी बिटं लावून लाकूड, धातू, टाइल हेही त्यावर होतं. यंत्र जरा अवजड वाटेल इतकंच. भिंती विटेच्या असतील आणि काँक्रीटमध्ये फक्त दोन-चार भोकं पाडायची असतील, तर साधं 500 ते 700 वॉटचं वायरवालं इम्पॅक्ट ड्रिल घ्या आणि रोटरी हॅमर एका दिवसासाठी भाड्याने आणा. सगळी काँक्रीटची भोकं त्याच दिवशी उरकायची. भाड्याने आणणं कमीपणाचं नाही. टाइल कटर, फोडकामाचा हॅमर, फरशीचं पॉलिश यंत्र या वस्तू घरात वर्षातले तीनशेचौसष्ट दिवस अडगळीतच पडून राहतात.

एएसी ब्लॉकच्या भिंतीला ठोका लावूच नका. हे ब्लॉक काँक्रीटच्या साधारण पाव वजनाचे, बुडबुड्यांनी भरलेले. ठोका लावलात की भोकाच्या आतली बाजू चुरा होते आणि प्लगला धरायला काही उरत नाही. नुसतं फिरवून भोक पाडायचं, शक्य तर प्लगच्या मापापेक्षा एक मिलिमीटर लहान, आणि प्लग लांब घ्यायचा. हलक्या ब्लॉकसाठी वेगळे, मळसूत्री किंवा पंख असलेले प्लग मिळतात, तेच घ्या. पोकळ ब्लॉकलाही ठोका नको. आतला पातळ पडदा फुटतो आणि प्लग पोकळीत पडल्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. जिप्सम बोर्ड जेमतेम 12.5 मिलिमीटर जाड असतो. हलकी चित्राची चौकट त्याला लावता येते, पण वजनदार काहीही लावायचं तर ते आतल्या उभ्या पट्टीलाच. पट्ट्या बहुधा 40 किंवा 60 सेंटिमीटर अंतरावर असतात. एक छोटं लोहचुंबक भिंतीवरून हळूहळू फिरवलं तर बोर्ड बसवतानाचे स्क्रू सापडतात, आणि स्क्रू जिथे ओळीने सापडतात तिथे पट्टी.

प्लगबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते घरगुती कामात सगळ्यात जास्त हेळसांड याच वस्तूची होते. पूर्वी भिंतीत लाकडाची गुट्टी ठोकून तिच्यात स्क्रू पिळायचे. लाकूड वाळलं की आकसतं आणि गुट्टी सैल होते. जॉन जोसेफ रॉलिंग्ज यांनी 1911 मध्ये तागाच्या तंतूंचा प्लग आणला आणि आर्टुर फिशर यांनी 1958 मध्ये नायलॉनचा. दोन्हींमागची कल्पना एकच: स्क्रू आत गेला की प्लग फुगला पाहिजे आणि भोकाच्या भिंतीवर दाबून बसला पाहिजे. म्हणजे पकड स्क्रूची नसते, या दाबाची असते. भोक मोठं झालं, भुकटीने भरलेलं राहिलं किंवा स्क्रू बारीक निवडला, की दाब गेला आणि पकडही गेली.

यातूनच सगळी मापं निघतात. 6 मिलिमीटरच्या प्लगला 6 चंच बिट आणि 4 ते 5 मिलिमीटर जाडीचा स्क्रू. 8 च्या प्लगला 4.5 ते 6 चा. स्क्रूची लांबी म्हणजे प्लगची लांबी, अधिक लावायच्या वस्तूची जाडी, अधिक स्क्रूच्या जाडीएवढं टोक. भोक प्लगपेक्षा सेंटिमीटरभर खोल घ्या, म्हणजे उरलीसुरली भुकटी तळाशी बसेल. खोलीची खूण म्हणून बिटाला रंगीत टेप गुंडाळा. भोक झाल्यावर बिट फिरतं ठेवून दोन-तीनदा आतबाहेर करा, मग भुकटी पंपाने किंवा व्हॅक्यूमने काढा. तोंडाने फुंकू नका, ती थेट डोळ्यांत येते. आणि एक गोष्ट जी बहुतेकजण विसरतात: प्लगचा फुगणारा भाग विटेत हवा, गिलाव्यात नाही. गिलावा 20 मिलिमीटर असेल आणि प्लग 30 मिलिमीटरचा, तर विटेत फक्त सेंटिमीटरभर प्लग गेला. असं काम काही दिवस टिकतं, मग गिलाव्याचा पोपडा घेऊन खाली येतं.

ब्रॅकेट किंवा रॉडच्या पुडीत फुकट मिळणारे प्लग मी बाजूला ठेवतो. बनवणाऱ्याला तुमची भिंत कोणती हे ठाऊक नसतं, त्याने पुडी भरली एवढंच. चांगल्या नायलॉनच्या 6 आणि 8 मिलिमीटर प्लगांचं एकेक पाकीट आणि त्यांना साजेसे स्क्रू घरात असू द्या. यंत्रावर कितीही खर्च केलात तरी भार शेवटी याच नगण्य वस्तूवर असतो.

तुमचं फाकलेलं भोक असं दुरुस्त होईल. मूळ भोक 6 चं होतं असं धरतो. तोंडच फाकलं असेल आणि आत काँक्रीट शाबूत असेल, तर रोटरी हॅमरने तेच भोक 8 किंवा 10 चं करा, खोली 50 मिलिमीटरच्या पुढे न्या आणि मोठा प्लग लावा. रॉडचा ब्रॅकेट जाड स्क्रू घेत नसेल, तर जुनं भोक बुजवून ब्रॅकेट चार-पाच सेंटिमीटर बाजूला सरकवा. काड्या, कागद, पीओपी कोंबून त्यात पुन्हा प्लग बसवू नका. भोक भरून त्याच जागी काम करायचंच असेल तर दोन भाग मिसळून लावायचं इंजेक्शन मॉर्टर वापरा आणि पाकिटावर लिहिलेला वेळ पूर्ण वाळू द्या. नवीन भोक पाडताना मध्येच बिट ठाम अडलं आणि भुकटीत धातूचे चमकते कण दिसले, तर सळई लागली आहे. ती कापायचा हट्ट नको, दोन-तीन सेंटिमीटर सरकून नवी जागा घ्या. छताच्या स्लॅबला काही टांगायचं असेल तर स्लॅब ताणलेल्या तारांचा, म्हणजे पोस्ट-टेन्शन्ड आहे का, हे आधी इमारतीच्या नकाशावरून किंवा बांधणाऱ्याकडून कळून घ्या. तशा स्लॅबमध्ये अंदाजाने भोक पाडणं घातक आहे.

आता कॉर्डलेस. 18 व्होल्ट आणि 20 व्होल्ट यांत ताकदीचा फरक नाही, हे आधी मनात पक्कं करा. दोन्हींमध्ये लिथियम-आयनचे पाच सेल ओळीने जोडलेले असतात. काम करताना प्रत्येक सेल सरासरी 3.6 व्होल्ट देतो, पाच मिळून 18. नुकतं चार्ज झालेलं असताना 4 व्होल्टच्या आसपास, म्हणून 20. खोक्यावर मोठा आकडा छापलाय इतकंच. तीन सेलवाल्या 10.8 आणि 12 व्होल्टची गोष्टही हीच. तुलना करायची तर व्होल्ट गुणिले अँपिअर-तास करा: 18 व्होल्ट, 2 अँपिअर-तास म्हणजे 36 वॉट-तास, 4 अँपिअर-तास म्हणजे 72. बॅटरीत किती काम साठवलंय ते यावरून कळतं. यंत्राची ताकद मात्र न्यूटन-मीटरमधल्या टॉर्कवरून, म्हणजे पिळण्याच्या जोरावरून बघा.

माझं मत स्पष्ट आहे. घरात पहिलं भोक पाडायचं यंत्र वायरचं असावं आणि पहिलं स्क्रू पिळायचं यंत्र बॅटरीचं. वायरवालं ड्रिल दोन वर्षं पडून राहिलं तरी उचलल्यावर चालतं. बॅटरी तशी पडून राहिली तर बरेचदा मरते. उलट फर्निचर जोडताना, बिजागऱ्या बसवताना वायरचं जड यंत्र नकोसं होतं. तिथे 12 व्होल्टचा छोटा ड्रिल-ड्रायव्हर हातात खेळतो. त्याच्या गळ्याशी आकडे असलेली कडी असते, तो क्लच; लावलेल्या आकड्याएवढा जोर झाला की तो पिळणं थांबवतो. सुरुवात लहान आकड्यापासून करा, स्क्रू पुरता बसत नसेल तर एकेक वाढवा. असं केलं की प्लायमध्ये स्क्रूचं डोकं रुतत नाही. इम्पॅक्ट ड्रायव्हर हे आणखी तिसरंच यंत्र, तो फिरण्याच्या दिशेने ठोके देतो. लांब स्क्रू लाकडात घालायला उत्तम, पण भिंतीत भोक पाडायच्या कामाचा नाही. इम्पॅक्ट ड्रिल आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर यांच्या नावांत गफलत होऊन भलतंच यंत्र घरी आलेले लोक मी पाहिले आहेत.

बॅटरीचं यंत्र घेणं म्हणजे एका कंपनीच्या बॅटरीशी लग्न लावणं आहे. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या यंत्रात सहसा बसत नाही. पुढे त्याच बॅटरीवर व्हॅक्यूम, दिवा, करवत असं काही हवंसं वाटेल का आणि सुटी बॅटरी मिळते का, ते आताच बघा. ब्रशलेस मोटर मिळाली तर चांगलं, कार्बन ब्रश झिजायचा प्रश्न मिटतो. वायरवाल्या यंत्रात कार्बन ब्रश बाहेरून बदलता येतात का आणि सुटे मिळतात का, हे विचारा. ट्रिगर दाबाप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा हवा, बाजूचा दांडा हवा, चक 13 मिलिमीटरपर्यंतची हवी. जुनं यंत्र घेत असाल तर चकमध्ये सरळ बिट घट्ट बसवून हळू फिरवा. बिटाचं टोक वर्तुळ काढत असेल किंवा जळका वास येत असेल तर सोडून द्या. बॅटरी महिनोन्‌महिने लागणार नसेल तर अर्धी चार्ज करून थंड, कोरड्या जागी यंत्रातून काढून ठेवा.

शंभर नगांची पेटी यादीतून काढा. त्यातले ऐंशी नग कधीच वापरात येत नाहीत आणि जे येतात ते पहिल्या कठीण कामात बोथट होतात. त्याऐवजी कार्बाइड टोकाची भिंतीची बिटं 5, 6, 8 आणि 10, धातूसाठी एचएसएसची (हाय-स्पीड स्टीलची) 3 ते 6, आणि लाकडासाठी मध्ये टोक असलेली दोन-तीन घ्या. पेचकसाची टोकंही नीट बघून घ्या. फुलीच्या स्क्रूंमध्ये दोन जाती आहेत: साधा फिलिप्स आणि पोझिड्राइव्ह. पोझिड्राइव्हच्या डोक्यावर मुख्य फुलीच्या मध्ये चार बारीक रेघा असतात. एकाचं टोक दुसऱ्याला लावलं की घसरतं, फुली झिजते आणि दोष स्क्रूला दिला जातो.

हाताची अवजारं पटकन सांगतो. पाच मीटरचा टेप, 60 सेंटिमीटरची पाणसळ, गुण्या, पकड, एक सरकता पाना, मध्यम हातोडी, बारीक करवत, पेन्सिल. टेपच्या टोकाचा हूक थोडा हलतो, तो ठोकून घट्ट करू नका. तो स्वतःच्या जाडीइतकाच हलतो, कडेला अडकवून मोजताना बाहेर सरकतो आणि आत टेकवून मोजताना आत जातो, म्हणून दोन्ही मापं बरोबर येतात. पाणसळ विकत घेतानाच तपासा: सपाट जागेवर ठेवून बुडबुडा बघा, मग तीच पट्टी उलटसुलट टोकं करून त्याच जागी ठेवा. बुडबुडा दोन्ही वेळा खोलीच्या एकाच बाजूला तेवढाच सरकला तर जागा उतरती आहे. बाजू बदलली तर पाणसळच खोटी.

चार फुटी पुस्तकांची फळी हे तुमच्या यादीतलं सगळ्यात अवघड काम आहे, दिसतं सोपं तरी. गच्च भरलेली एक मीटर फळी 25 ते 30 किलोंचा भार सहज घेते. फळी 30 सेंटिमीटर खोल असेल तर हे वजन भिंतीपासून सरासरी 15 सेंटिमीटर बाहेर असतं आणि ब्रॅकेटला खाली टेकवून वरचा स्क्रू बाहेर खेचत राहतं. वरच्या स्क्रूपासून ब्रॅकेटच्या खालच्या टोकापर्यंत अंतर 20 सेंटिमीटर असेल, तर 30 किलोंना 15 ने गुणून 20 ने भागा: वरच्या स्क्रूंवर मिळून साडेबावीस किलोंची ओढ. अंतर 10 सेंटिमीटर असेल तर तीच ओढ 45 किलो. म्हणून एल आकाराच्या ब्रॅकेटची लांब बाजू भिंतीला लावायची. ती फळीखाली लावली की छान दिसते आणि स्क्रूला दुप्पट भोगावं लागतं. वरच्या भोकालाच सगळ्यात चांगला प्लग द्या, खालच्याला फारसं काम नसतं.

फळी मध्ये झुकते त्याचा हिशेबही डोक्यात ठेवण्यासारखा आहे. दर फुटाला तेवढीच पुस्तकं ठेवून दोन आधारांमधलं अंतर दुप्पट केलं, तर झुकणं दुप्पट नव्हे, सोळा पट होतं. जाडी दुप्पट केली तर आठव्या भागावर येतं. तुमच्या चार फुटांना, म्हणजे 120 सेंटिमीटरला, दोन टोकांना दोन ब्रॅकेट लावू नका. तीन लावा, दोघांमधलं अंतर 50 सेंटिमीटरच्या आसपास ठेवून टोकं थोडी बाहेर राहू द्या. फळी 18 मिलिमीटर प्लायची घ्या. पार्टिकल बोर्ड स्वस्त असला तरी भार असताना वर्षानुवर्षं हळूहळू वाकत जातो, ओल लागली की फुगतो आणि कडेला स्क्रू धरत नाही. पुढच्या कडेला 40 मिलिमीटर उंचीची लाकडी पट्टी उभी चिकटवून स्क्रू केली तर फळी बरीच ताठ होते. प्लायमध्ये 4 मिलिमीटरचा स्क्रू घालण्याआधी 2.5 ते 3 मिलिमीटरचं भोक पाडा, कड फाटणार नाही.

खुणा करताना आधी एकच ब्रॅकेट धरा, वरच्या भोकाची खूण करा, तेवढंच भोक पाडून स्क्रू सैल लावा. मग पाणसळ ठेवून बाकीच्यांच्या खुणा करा. सगळी भोकं आधी आखून पाडली तर एखादं दोन मिलिमीटर हमखास सरकतं.

टीव्हीच्या ब्रॅकेटला वेगळं शास्त्र नाही. टीव्हीच्या पाठीवरच्या भोकांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा आणि व्हेसाचं, म्हणजे या भोकांच्या अंतरासाठी ठरलेल्या प्रमाणाचं, तेच माप ब्रॅकेटवर आहे ना ते बघा. बाहेर ओढून वळवता येणारा हात घेतलात तर वजन तेवढंच राहून भिंतीवरची ओढ कित्येक पट होते, ती एएसी किंवा जिप्समच्या भिंतीला देऊ नका.

भोक पाडण्याआधी वायरी आणि पाण्याचे पाइप कुठून जात असतील याचा विचार करा. स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्याच उंचीवर आडवं, हे तीन पट्टे वर्ज्य. नळाच्या वर-खाली तसंच. तार शोधणारा डिटेक्टर उपयोगी आहे, पण तो शांत राहिला म्हणून तिथे वायर नाहीच असं समजू नका. शंका असेल तर त्या खोलीचा एमसीबी पाडा आणि ड्रिल दुसऱ्या खोलीतून एक्स्टेंशनने चालवा. गुंडाळीचं एक्स्टेंशन पूर्ण उलगडून वापरा, नाहीतर ते तापतं. घराला 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर यंत्रांच्या आधी तो इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. निऑनचा टेस्टर पेटला नाही म्हणजे वायर मृत, हेही खरं नाही. कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असाल तर तो जिवंत वायरीवरही गप्प राहू शकतो.

चष्मा लावा, एन95 मास्क लावा. विटेच्या आणि काँक्रीटच्या भुकटीत सिलिका असते, ती फुप्फुसात जाते ती कायमची. ड्रिल चालवताना सैल हातमोजे घालू नका, बिटात अडकले तर बोटासकट पिळले जातात. जुन्या घरात सिमेंटचे पत्रे असतील आणि ते ॲस्बेस्टॉसचे असू शकतील, तर त्यांना भोक पाडू नका, घासू नका. गॅसची लाइन, मुख्य वीजपुरवठा, भार पेलणारी भिंत फोडणं आणि उंचावरचं बाहेरचं काम स्वतः करायचं नाही, यावर माझ्याकडे चर्चा नाही.

अँगल ग्राइंडर यादीतून काढा. तुमच्या चारपैकी एकाही कामाला तो लागत नाही, आणि घरगुती यंत्रांत मला सगळ्यात जास्त धाक त्याचाच आहे. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेतो. चकती अडकली की यंत्र अंगावर उसळतं. कधी घेतलातच तर गार्ड कधीच काढू नका, चकतीवर छापलेला वेग यंत्राच्या वेगापेक्षा जास्त आहे ना ते बघा आणि मधल्या कडीवर छापलेली मुदत वाचा. कापायच्या चकत्यांना साधारण 3 वर्षांची मुदत असते. दातेरी लाकडी करवतीचं पातं त्याला लावतात तो निव्वळ आत्मघात आहे. जिगसॉ चांगलं यंत्र आहे, पण तुमची एकच फळी जिथून प्लाय घ्याल तिथेच मापात कापून मिळेल, आणि ती कड जिगसॉपेक्षा सरळ असेल.

राहिला बाथरूमचा आरसा. टाइल सिरॅमिक असेल तर भाल्यासारख्या टोकाच्या कार्बाइड बिटाने भोक पडतं. व्हिट्रिफाइड असेल, म्हणजे पाणी जवळजवळ न शोषणारी, काचेसारखी कडक, तर डायमंड बिटच लागेल, तेही पाणी मारत. दोन्हींमध्ये ठोका बंद, वेग कमी. खुणेवर मास्किंग टेप चिकटवा म्हणजे बिट घसरणार नाही. डायमंड बिट थोडं तिरपं धरून कड बसवा आणि मग सरळ करा. टाइलच्या कडेपासून दोन-तीन सेंटिमीटर आत राहा, कोपऱ्याजवळ तडा लवकर जातो. टाइल पार झाल्यावर बिट बदला, मग मागच्या भिंतीप्रमाणे ठोका लावायचा की नाही ते ठरवा. प्लग टाइलच्या पातळीपेक्षा थोडा आत ढकला. तो टाइलमध्येच फुगला तर टाइल फुटते.

भोकंच नको असतील तर आरसा चिकटवताही येतो, पण व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन त्याला लावू नका, त्यातलं आम्ल आरशाच्या मागचा मुलामा खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेला घ्या. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने वाळतो, म्हणून सलग थर न देता उभ्या रेघा ओढा, म्हणजे हवा आत फिरेल. जुना सिलिकॉन असेल तर तो पात्याने पूर्ण खरवडा, नवा त्याच्यावर धरत नाही. आरसा खालून दोन ठोकळ्यांवर टेकवून आणि टेपने धरून पूर्ण 24 तास तसाच ठेवा, आणि तोवर बाथरूममध्ये गरम पाण्याची वाफ होऊ देऊ नका.